गिरणीच्या संग्रहालयात पहिले सहा महिने: नव्या स्वयंसेवकांसाठी

यंत्रमाग गिरणीतून संग्रहालयात आला की त्याचं काम थांबतं आणि गंज सुरू होतो. गिरणीत त्याला रोज तेल मिळत होतं, दर पाळीला कुणीतरी कापसाचा केर झाडत होतं, जॉबरचे (खात्यातल्या मुकादमाचे) कान त्याच्या आवाजावर असायचे. संग्रहालयात हे सगळं तुम्हाला करायचं आहे, तेही वेगळ्या हेतूने. गिरणीला कापड हवं होतं. आपल्याला तो माग, त्यावर राबलेल्या हातांच्या खुणांसकट, पुढच्या पिढीला द्यायचा आहे.

खालची माहिती साध्या धोट्याच्या, लँकेशायर पद्धतीच्या मागाला धरून दिली आहे. धोटा म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा. इंग्लंडमध्ये बर्नलीजवळच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये हे माग आजही पाहायला मिळतात. ती गिरणी १८९४ ची. तिथलं वाफेचं इंजिन ५०० अश्वशक्तीचं असून पहिल्या महायुद्धानंतर त्याचं नाव ‘पीस’ असं ठेवलं गेलं. गिरणी बंद पडली १९८२ मध्ये, आणि त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आपल्याकडचे जुने माग याच घराण्यातले आहेत. आता काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम हाती घेतलं आहे. शाळा, महाविद्यालयं आणि जुन्या गिरणगावातल्या संस्थांकडेही एखादा-दुसरा माग पडून असतो. तिथे मदतीला जाणाऱ्या प्रत्येकाला ही माहिती उपयोगी पडेल.

कोण काय करतं

मोठ्या संग्रहालयात अभिरक्षक, नोंदणी करणारे, जतनतज्ज्ञ, यंत्र सांभाळणारे तंत्रज्ञ, मार्गदर्शक अशी वेगवेगळी माणसं असतात. लहान ठिकाणी एकच माणूस यातली तीन कामं करतो. पहिल्या दिवशी तीन नावं विचारून घ्या: वस्तू हलवायची परवानगी कोण देतं, विजेचा मुख्य खटका कुणाच्या ताब्यात आहे आणि पाणी गळलं तर रात्री कुणाला उठवायचं. आणखी एक करा. झाडलोट करणाऱ्या मावशी आणि रात्रपाळीचा रखवालदार यांच्याशी रोज दोन मिनिटं बोला. छपराची गळती, उंदराची विष्ठा, लाकडाखाली किड्याने पाडलेलं पीठ, हे सगळं सर्वांत आधी त्यांच्याच नजरेला पडतं. त्यांनी सांगितलेलं नोंदवहीत त्यांच्या नावानिशी लिहा.

पहिला महिनाभर पाना हातात घेऊ नका. तो महिना पाहण्याचा, लिहिण्याचा आणि फोटो काढण्याचा.

नोंद आणि क्रमांक

प्रत्येक वस्तूला तीन भागांचा क्रमांक देतात: वर्ष, त्या वर्षातली कितवी भेट (देणगी) आणि त्या भेटीतली कितवी वस्तू. २०२४.१७.३ म्हणजे २०२४ साली आलेल्या सतराव्या भेटीतली तिसरी वस्तू. मागाबरोबर धोट्यांचं खोकं आलं असेल तर प्रत्येक धोट्याला स्वतंत्र क्रमांक द्यायचा. “धोटे, अंदाजे वीस” अशी नोंद करून ठेवली तर दोन वर्षांनी त्यातले सहा नाहीसे झाले तरी कुणाला पत्ता लागत नाही.

क्रमांक थेट धातूवर लिहायचा नाही. आधी २० ग्रॅम पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखे दाणे १०० मिलिलिटर अॅसिटोनमध्ये विरघळवून घ्या. दाणे जाळीच्या पुरचुंडीत बांधून बरणीत लोंबकळत ठेवले तर रात्रभरात विरघळतात. तळाशी टाकले तर गोळा होऊन बसतात. या द्रावणाचा बोटाच्या पेराएवढा पट्टा ओढा, पूर्ण वाळू द्या, रंगद्रव्याच्या काळ्या शाईने क्रमांक लिहा आणि वरून दुसरा थर द्या. वरचा थर एकाच फटकाऱ्यात द्यायचा. ब्रश पुन्हा फिरवला की अॅसिटोन खालचा थर विरघळवतो आणि आकडे पुसटतात. पृष्ठभागावर मूळ रंग असेल तर हे करूच नका, कारण अॅसिटोन त्यालाही विरघळवेल. तिथे सुती नाडीला चिठ्ठी बांधा. क्रमांकाची जागा अशी निवडा की शोधणाऱ्याला सापडेल पण पाहणाऱ्याला खुपणार नाही. कारखानदाराच्या ओतीव नावावर आणि घासणाऱ्या भागावर तो कधीच नको.

पुसण्याआधी काय वाचायचं

मागाजवळ बसा आणि टॉर्चचा उजेड तिरपा पाडून नीट पाहा. सुरू-बंद करायच्या दांड्याची मूठ तळहाताच्या घामाने आणि घर्षणाने गुळगुळीत झालेली असते. समोरच्या तुळईवर, जिथे विणकर पोट टेकून वाकायचा, तिथला रंग गेलेला असतो. बाजूच्या बिडाच्या चौकटीवर खडूने किंवा रंगाने मागाचा नंबर लिहिलेला असतो. दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू खाचांत साठून काळं पडलेलं असतं, एखाद्या देवाचं चित्रही चिकटवलेलं असतं. यातलं काहीही घाण म्हणून काढायचं नाही. मुठीवरची झीज रंगवली की तिथला माणूस नाहीसा होतो, आणि ती झीज पुन्हा आणता येत नाही.

फोटो चारही बाजूंनी, वरून आणि खालून घ्या. प्रत्येकात मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. मग जवळून घ्या.

साफसफाई

तेलात भिजलेला कापसाचा केर वर्षानुवर्षं साठून कातड्यासारखा घट्ट होतो. काढायच्या आधी त्याचा चिमूटभर नमुना कागदी पाकिटात घालून, कुठून काढला ते लिहून ठेवा. त्या मागावर शेवटी कोणत्या रंगाचं, कोणत्या जाडीचं सूत चाललं याचा तो पुरावा असतो.

क्रम असा ठेवा. आधी कोरडा मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर. क्लीनरच्या तोंडाला जाळीचं कापड बांधा, म्हणजे सुटा स्क्रू किंवा पितळी पट्टी आत ओढली जाणार नाही. मग बांबूची चपटी काडी घेऊन घट्ट थर उकला. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने ओरखडे उठतात. त्यानंतर सुती फडक्यावर थोडं मिनरल टर्पेंटाइन घेऊन पुसा, पण आधी कोपऱ्यात वाटाणाभर जागी रंग सुटतो का ते तपासा. गिरणीत सर्रास रॉकेल वापरायचे, म्हणून जुने कामगार आजही तेच सुचवतील. रॉकेलचा चिकट अंश मागे राहतो, त्यावर धूळ बसते आणि बंद दालनात वास महिनाभर जात नाही. पाणी आणि साबण तर नकोच.

गंज दोन प्रकारचा असतो. घट्ट, तपकिरी, हाताला न लागणारा गंज तसाच राहू द्या. पुसल्यावर फडक्याला नारिंगी पूड लागते तो गंज चालू आहे असं समजा. यंत्रावर घासून चकचकीत केलेल्या दांड्यांवर तो असेल तर सर्वांत बारीक, चार शून्यांचा स्टील वूल पातळ तेलात बुडवून हलक्या हाताने लांबीच्या दिशेने फिरवा. तेल पुसून, टर्पेंटाइनने कोरडं करून वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी मऊ कापडाने चोळा. सँडपेपर, तारेचा ब्रश आणि ग्राइंडर संग्रहालयाच्या दारातच अडवायचे. अर्ध्या तासात ते दीडशे वर्षांचा पृष्ठभाग खाऊन टाकतात.

दोन धोके ओळखता यायलाच हवेत. वाफेच्या जुन्या पाइपांवरचं पांढरट, तंतुमय वेष्टण अॅस्बेस्टॉसचं असू शकतं. त्याला हात लावू नका, झाडू नका, दालन बंद करा आणि जाणकाराला बोलवा. दुसरा धोका शेंदरी रंगाचा. लोखंडावरचा जुना शेंदरी अस्तर शिशाचा असतो. तो घासून पूड उडवायची नाही, आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवायचं नाही.

तेलाची फडकी झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका आणि तो डबा रोज बाहेर नेऊन रिकामा करा. लाकडाला जवसाचं तेल लावलेलं असेल तर ते फडकं चुरगळून कोपऱ्यात पडता कामा नये. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो.

नट-बोल्ट

जुन्या विलायती मागांवर व्हिटवर्थ आटे असतात. त्यांचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचाला १२ आटे, अमेरिकी धाटणीच्या बोल्टला १३. फरक एवढासाच असल्याने चुकीचा नट दोन फेरे सहज बसतो, तिसऱ्याला अडतो. तिथे जोर लावला की मूळ आटे कापले जातात. १२ मिलिमीटरचा बोल्ट अर्ध्या इंचाच्या जागी सैल हलत राहतो. म्हणून आटे मोजायची पट्टी आणि व्हिटवर्थ मापाचे पाने हे दोन खर्च सगळ्यात आधी करा. मेट्रिक पान्याने कोपरे गोल झालेला नट नंतर कुणालाच सुटत नाही.

नट अडकला असेल तर भिनणारं तेल सोडा आणि २४ तास थांबा. दुसऱ्या दिवशी लाकडी हातोडीने हलके ठोके द्या, आधी किंचित घट्ट करून पाहा, मग सोडवा. पान्याला पाइप घालून लांबी वाढवू नका, गॅसची ज्योत लावू नका. मागाची चौकट बिडाची आहे. बीड वाकत नाही, तडकतं, आणि एका जागी तापलं तर तडा हमखास जातो. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठीसह पिशवीत टाका, नट त्याच बोल्टवर परत फिरवून ठेवा.

पावसाळा

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड झपाट्याने गंजतं. मुंबईत जुलैमध्ये ती कित्येक दिवस ८५ च्या आसपास असते. गिरणीचं उंच छपराचं दालन वातानुकूलित करण्याचं स्वप्न बाजूला ठेवा आणि जे जमतं ते वेळेत करा. मेणाचा हात मेअखेर पुरा व्हायला हवा. यंत्र जमिनीपासून लाकडी ठोकळ्यांवर उचललेलं असावं. झाकायला सुती चादर घ्या. प्लॅस्टिकखाली दव साचतं आणि आठवड्यात माग लाल होतो. पहाटे लोखंड थंड असतं, तेव्हा खिडक्या उघडल्या की दमट हवा त्यावर घाम आणते. खिडक्या उशिरा उघडा.

आर्द्रतामापक खरं बोलतो का तेही पाहा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याने चिखलाइतपत ओलं करा आणि मापकासोबत घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ च्या आसपास हवा. ८१ दिसला तर मापक सहाने जास्त दाखवतो, तसं त्यावर लिहून चिकटवा.

चामड्याच्या पट्ट्यांवर बुरशी दिसली तर दालनाबाहेर नेऊन, तोंडाला मास्क लावून कोरड्या ब्रशने झाडा. तेल चोपडू नका, बुरशीला तेच हवं असतं. लाकडाखाली ताजं पीठ दिसलं की तारीख लिहून पुसून टाका. आठवड्यात पुन्हा पडलं तर किडा जिवंत आहे. तो भाग पॉलिथिनमध्ये गुंडाळून वेगळा करा आणि जतनतज्ज्ञाला कळवा.

माग चालवायचा असेल तर

चालता माग पाहणाऱ्याला जे कळतं ते फलकावर लिहून कळत नाही. अमेरिकेत लॉवेलच्या बूट कॉटन मिल्स संग्रहालयात एका दालनात ८८ माग आहेत आणि आत जाताना पाहुण्यांना कानात घालायला बोळे देतात. पण प्रत्येक फेरीत काहीतरी झिजतं. त्यामुळे एकसारखे दोन माग असतील तर चांगला राखलेला स्थिर ठेवा, दुसरा चालवा. एकमेव असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: हाताने फिरवून दाखवा.

झिजणारे भाग नवे घालायचे: पिकर (धोट्याला प्रत्यक्ष धक्का देणारा तुकडा), धोट्याला ठोका देणारी काठी आणि तिचा पट्टा, धोटा, उभे धागे वरखाली करणारी वही आणि आडवं सूत ठोकून बसवणारी फणी. जुने भाग तारखेसह खोक्यात जपायचे, नव्यावर “बदली” आणि वर्ष कोरायचं. हे भाग आणि ते बसवणारे हात इचलकरंजी, भिवंडी, मालेगावात मिळतात. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला, आणि साधे माग तिथे अजून चालतात. मात्र असे माग भंगारात किलोवर जात आहेत, म्हणून सुटे भाग लागतील तेव्हा शोधू असं म्हणू नका. प्रत्येक मागासाठी निदान चार पिकर आणि दोन जुळे धोटे आजच घेऊन ठेवा.

सुरू करण्याआधी:

१. विजेचा खटका बंद करून कुलूप लावा, किल्ली खिशात ठेवा. मागाला हात लावणारा आणि किल्ली बाळगणारा एकच माणूस असावा.

२. कपडे तपासा. ओढणी, पदर, गळ्यातलं ओळखपत्र, लांब मंगळसूत्र, सुटे केस, सैल बाही यातलं काही चालणार नाही.

३. बेअरिंगना दोन-तीन थेंब तेल. शिवणयंत्राचं पातळ तेल इथे टिकत नाही; जास्त घातलेलं तेल ताण्यावर (मागावरच्या उभ्या धाग्यांवर) उडून कापडाला कायमचा डाग पडतो.

४. धोट्यावर अंगठा फिरवा. बारीक कुसळ लागलं तरी तो धोटा बाजूला ठेवा, ते ताण्याचे धागे तोडतं. लोखंडी टोक हलत असेल तर धोटा बाद.

५. माग हाताने फिरवा, क्रँकचे दोन पूर्ण फेरे. एकच का नाही? खालचा दांडा क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा फिरतो. डावा आणि उजवा, दोन्ही ठोके तेव्हाच तपासले जातात. धोटा दोन्ही पेट्यांत शेवटपर्यंत शिरतो का पाहा. अर्धवट राहिला तर तो ताण्यात सापडतो. काही मागांत अशा वेळी फणी मागे ढकलली जाते आणि धागे वाचतात. काहींत माग धाडकन जागीच थांबतो, आणि तसं वारंवार झालं तर चौकटीला तडा जातो.

६. धोटा उडू नये म्हणून हात्यावर, म्हणजे फणी धरून मागेपुढे झुलणाऱ्या चौकटीवर, संरक्षक दांडा असतो. तो नसेल तर माग सुरू होणार नाही, कितीही मोठे पाहुणे आले असोत. धोटा निसटला तर सहसा मागाच्या टोकांकडे जातो, म्हणून दोन्ही टोकांना कुणी उभं राहायचं नाही. तिथे जाळी लावा.

आवाजाचाही हिशेब ठेवा. ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ९४ ला एकच तास उरतो. चार-पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक पाहुण्यांना पुरेसं आहे, पण चालवणारा दिवसातून दहा वेळा ते करतो. कानावरची टोपणं त्याला दरवेळी हवीत.

नव्या ठिकाणी एक चूक नेहमी होते. पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून मोटरचा वेग कमी करतात. ठोक्याचा जोर मागाच्या वेगातून येतो. मिनिटाला १८०-२०० ठोक्यांसाठी बसवलेला माग १०० वर आणला की धोटा पलीकडे पोहोचत नाही आणि मधेच ताण्यात अडकतो. सावकाश दाखवायचं असेल तर वीज बंद करून हाताने फिरवा आणि धोटाही हातानेच सरकवा.

जुन्या कामगारांशी बोलताना

१९८२ च्या संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीला टेकला आहे. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

फॉर्म घेऊन समोर बसलात तर उत्तरं छोटी येतात. त्यांच्या हातात धोटा द्या, कांडी (धोट्यात बसणारी सुताची नळी) द्या. बोटं आपोआप हलायला लागतात आणि बोलणं मागून येतं. “याला तुमच्या खात्यात काय म्हणायचे, काका?” हा पहिला प्रश्न. एकाच भागाला दोन गिरण्यांत दोन नावं निघाली तर दोन्ही लिहा, कुणालाही दुरुस्त करू नका. बायकांना विसरू नका. मुंबईच्या गिरण्यांत त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यात होत्या, आणि यंत्रांच्या यादीत ही खाती नेहमी शेवटी येतात. ध्वनिमुद्रण चालत्या मागाशेजारी नको. फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवा, दोन वेगळ्या जागी प्रती करा, लेखी संमती घ्या आणि एक प्रत त्यांच्या घरी पोहोचवा.

धोट्याबद्दल विचाराच. नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायची पद्धत होती. या एका कृतीमुळे दलित कामगारांना विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त होती, घेतलं जात नसे. त्यांचं उष्टं सूत इतरांना चालत नव्हतं. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. धोट्याखालच्या फलकावर लांबी, लाकूड आणि वजन लिहून हे गाळलं तर फलक अपुरा आहे. प्रात्यक्षिकात मात्र सूत तोंडाने ओढून दाखवू नका, त्यासाठी तारेचा आकडा वापरा. धूळ, तेल आणि दुसऱ्याची लाळ यातून रोग जातात, आणि याच कारणासाठी मॅसॅच्युसेट्सने १९११ मध्येच ती पद्धत कायद्याने बंद केली.

घरी निघताना

खटका बंद, कुलूप जागेवर. धोटा मागातून काढून कपाटात, कारण पेटीत राहिला तर उद्याचा माणूस न पाहता दांडा ओढू शकतो. ताण्यावरचा ताण दोन दात सैल. फडक्यांचा डबा बाहेर. आर्द्रतेचा आकडा आणि वेळ वहीत. वहीत त्या दिवशी केलेलं काम, वापरलेलं तेल, ऐकू आलेला नवा आवाज आणि न सुटलेला नट हेही लिहा. शेवटी सही करा आणि वही उद्याच्या पाळीच्या माणसाला सापडेल अशी मागाच्या डाव्या बाजूच्या खुंटीला टांगा.